एकुलता एक संडास

घरात एकच संडास होता. तो मी छन्नी-हातोड्याने फोडला, आणि फोडून झाल्यावर नव्या कमोडचं भोक कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं.

ते मागच्या बाजूला होतं. आमच्या घरातला ड्रेनेजचा पाइप जमिनीतून वर आलेला. म्हणजे कमोडचं तोंड भिंतीकडे, पाइपाचं तोंड आभाळाकडे आणि दोघांच्या मधे मी, हातात हातोडा घेऊन, फरशीच्या खपल्यांत उकिडवा बसलेला. बायको मागच्या दारात उभी होती. तिने आधी कमोडकडे बघितलं, मग खड्ड्याकडे, मग माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "आता जायचं कुठं?"

प्रश्न आम्हा दोघांपुरता असता तर मी हसण्यावारी नेला असता. शेजारी काकी होत्या, त्यांचा संडास होता, आणि काकींचं बोलणं ऐकून घ्यायची आम्हाला सवय होती. पण माझे वडील, अप्पा, एक दिवस सोडून दवाखान्यातून घरी यायचे होते. आणि अप्पांचं जेवण त्या खड्ड्यापाशी अडलं होतं.

ते कसं, ते सांगतो.

अप्पांची सगळी हयात शाहूपुरीत गुळाच्या पेठेत गेली. सौद्याला त्यांचा आवाज असा लागायचा की समोरच्या हॉटेलातला माणूस चहा ओतायचा थांबायचा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ते पेठेतून निवृत्त होऊन घरी बसले होते, म्हणजे बसले होते असं आपलं म्हणायचं. लग्न, बारसं, माती, काही ना काही निमित्ताने गावाकडे, गडहिंग्लजच्या बाजूला, त्यांची ये-जा चालूच असायची. चैत्रात असेच परत येत होते. एसटीतून उतरताना पाय चुकला आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं. खुब्यात लोखंड घातलं. डॉक्टर मला म्हणाले, "आता उकिडवं बसायचं कायमचं बंद. घरी कमोड आहे ना?"

मी म्हणालो, "होतोय."

तेव्हा डोक्यात काहीही नव्हतं. पण डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही.

दवाखान्यात अप्पांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. आम्हाला ती कळायला वेळ लागला. पहिल्यांदा वॉर्डातली मावशी भांडं घेऊन आली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती जाईपर्यंत डोळे उघडले नाहीत. मग कोणीतरी बसायची भोकाची खुर्ची आणली. तिचा एक पाय आखूड. अप्पा बसले, खुर्ची कलली, आणि मी आणि बायकोने दोन्हीकडून काखेत धरलं म्हणून वाचले. सुनेने आपल्याला तशा अवस्थेत, लुंगी वर केलेली असताना धरलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून ते जेवेनासे झाले. आम्ही लिंगायत; सकाळी उशीला टेकून तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घ्यायचं, पूजा करायची, तीर्थाचं चमचाभर पाणी प्यायचं. त्यानंतर दिवसभरात चतकोर भाकरी दुधात कुस्करून. आत काही गेलंच नाही तर बाहेर काही येणार नाही, असा साधा हिशेब.

"अप्पा, खावा की थोडं," मी म्हणायचो.

"घरी गेल्यावर खातो."

"घरी जाऊस्तवर अंगात काय उरणार हाय का?"

"तम्मा," ते म्हणाले. आम्ही कानडी मुलखाच्या कडेचे, घरात लाडाने पोराला अशी हाक मारतात. "माझ्या पायानं आत गेलो, दार लावून बसलो, माझ्या हातानं पाणी घेटलं, की खातो. तवर तुझ्या बायकोनं माझं काय बी उचलायचं न्हाय. साक्."

साक् म्हणजे पुरे. पेठेत भाव पक्का झाला की ते असंच म्हणायचे आणि त्यावर कोणी बोलायचं नसायचं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "ऑपरेशन चांगलं झालंय," ते म्हणाले, "पण हे असं चाललं तर जखम भरायची नाही. माणूस खाल्ल्याशिवाय उभा राहणार कशावर? घरी न्या. घरचं बघून खातील."

घरचं काय बघून खातील, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, मला होतं.

आता कोणीही शहाणा माणूस गवंड्याला बोलावेल. मीही बोलावलं. गेलो तेव्हा गवंडी आरशासमोर फेटा बांधत होता. जोतिबाच्या डोंगरावरची यात्रा आलेली, दारात तिथे नाचवायची उंच सासनकाठी उभी.

"वडील घरी यायलेत," मी म्हणालो.

"येऊ द्यात की. बरं झालं."

"संडास फोडून कमोड बसवायचाय. लगेच."

"बसवू की! डोंगरावनं आलो की आमच्या गावची जत्रा. ती झाली की सासरवाडीची. मग तुमचंच." त्याने फेट्याचा शेव मागे सोडला. "अंगावरचा गुलाल उतरल्याबिगर मी थापीला हात लावत न्हाय, दादा. आमच्या आज्ज्यापासनं हाय ते."

दुसऱ्या गवंड्याच्या दाराला कुलूप. तिसऱ्याची आई म्हणाली, तो काल चालतच गेला. चैत्रात कोल्हापुरात देवळं भरतात आणि बांधकामं ओस पडतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त वडिलांचा खुबा चैत्रात मोडेल हे माहीत नव्हतं.

मग मी ठरवलं, आपणच करायचं.

हे धाडस कुठून आलं तेही सांगायला हवं. मी शाहूपुरीतच एका मशिनरीच्या दुकानात बिलं करायचो. दिवसभर ड्रिल मशिन, पाने, छन्न्या, बेंड, व्हॉल्व्ह. हे सगळं सकाळ-संध्याकाळ हातात घेऊन लोकांना देणाऱ्या माणसाला हळूहळू असं वाटायला लागतं की आपल्याला ते चालवताही येतं. घरात मी बरंच काही केलेलं होतं. स्वयंपाकघरात फळी ठोकली होती. ती बरण्यांसकट खाली आली, तेव्हा कळलं की जुन्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही. दाराला बेल बसवली होती. बटण दाबणाऱ्या पाहुण्याला झटका बसला, तेव्हा कळलं की कुठली वायर कुठं लावायची. नळ बदलायला काढला आणि पाण्याने माझं तोंड फोडलं, तेव्हा कळलं की आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. प्रत्येक काम मला एकेक धडा देऊन गेलं आणि प्रत्येक धडा पक्का होता. फक्त तो पुढच्या कामात कधी लागायचा नाही.

कमोड आणायला मी मित्राची लुना मागून घेतली. दुकानदाराने विचारलं होतं, "भोक खाली पाहिजे का मागं?" मला वाटलं रंगासारखंच आवडीचं विचारतोय. म्हणालो, "मागं द्या. दिसायला नको." मी मशिनरीच्या दुकानात काम करतो हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे त्याने पुन्हा विचारलं नाही. माझा तो मान राखला गेला.

कमोड लुनेवर मागे दोरीने बांधला आणि निघालो. वाटेत डोंगराकडे जाणारी माणसं भरलेला एक ट्रक सिग्नलला शेजारी येऊन थांबला. वरून एकाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे बसलेल्या पांढऱ्या पाहुण्याकडे बघितलं, आणि "चांगभलं!" म्हणून ओंजळभर गुलाल टाकला. बाकीच्यांनीही टाकला. घरी पोचलो तेव्हा मी आणि कमोड एका रंगाचे होतो. बायको म्हणाली, "वरातीतनं आणलासा व्हय?" तेव्हा ती हसली होती. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसणं.

कारण त्यानंतर मी जुनं भांडं फोडलं.

कमोड बदलून आणायला निघालो, तर दुकान बंद. मालकही डोंगरावर. आमचं दुकानही बंद, तेही जोतिबाच्याच नावाने. काकींच्या माळ्यावर त्यांच्या घराच्या कामातून उरलेला एक बेंड, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, सापडला. देताना त्या म्हणाल्या, "ह्येला भोकं किती पडल्यात ते बघून घे बाबा." मी बघून घेतलं. दोनच होती.

बेंड लागला. मागचं भोक खालच्या पाइपाशी जुळलं. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. पण बेंडाने मागे जागा घेतली, तेवढा कमोड पुढे आला. पुढे दार होतं. दार आत उघडायचं. ते आता वीतभर उघडून कमोडला थडकायला लागलं. त्या फटीतून मांजर गेलं असतं. वॉकर घेतलेला म्हातारा माणूस नाही.

मी दार काढून टाकलं. त्या क्षणी तेच बरोबर वाटलं.

मग सिमेंट. घमेल्यात कालवलं, ते पातळ झालं. वाळू घातली, ते कोरडं झालं. पाणी घातलं. असं करता करता घमेलं भरलं आणि मी ते सगळं कमोडच्या बुडाला ओतलं. कमोड डावीकडे कलला. डावीकडे सिमेंट दाबलं, तो उजवीकडे कलला. मला दवाखान्यातली ती खुर्ची दिसायला लागली. अप्पा कलताहेत, बायको धावतेय. शेवटी मी त्याच्यावर स्वतःच बसलो, दोन्ही पाय जमिनीला रोवून, ओळंबा डोळ्यासमोर धरून. कमोड सरळ झाला. उठलो की परत कलायचा. मग उठायचंच नाही असं ठरवलं.

भर दुपारचं ऊन, दार नाही, समोर परस, परसापलीकडे काकींची धुण्याची दगडी. काकी बादली घेऊन आल्या आणि थबकल्या.

"काय झालं रं? पोट बिघडलंय?"

"न्हाय काकी. सिमेंट वाळवतोय."

"कशानं?"

"वजनानं."

त्यांनी धुणं खाली ठेवलं. "किती येळ बसणार असा?"

"धरूस्तवर."

"आणि दार कुठं हाय?"

"काढलंय."

काकींनी रिकाम्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुझा बा येईल तवा ह्येच्यावर बसंल?" हे त्या टोमणा म्हणून म्हणाल्या नाहीत. मी ओळंब्याकडे बघत राहिलो. कपाळावरून घाम खाली आला, त्यात गुलाल होता, शर्टावर लाल ओघळ उतरले. ऊन उतरून सावल्या लांब होईपर्यंत मी तिथे होतो. बायकोने चहा तिथेच आणून दिला, बाजूला बघत.

सिमेंट धरलं. मी उठलो, हलवून बघितलं. ढिम्म हलेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काहीतरी जागेवर राहिलं होतं.

अप्पांना आणलं. रिक्षातून उतरवताना त्यांचं वजन हाताला लागलं, आणि ते इतकं कमी होतं की मी बायकोकडे बघितलं नाही. पेठेत गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवर हात टेकून उभा राहणारा हा माणूस. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. गालात खड्डे. ते वॉकर सरकवत थेट मागे गेले. खाटेवर टेकलेसुद्धा नाहीत. त्यांनी कमोड बघितला. हात लावून हलवून बघितला.

"घट्ट हाय," ते म्हणाले.

माझी छाती फुगली.

"दार?"

बायकोने चौकटीला दोरी बांधून स्वतःची जुनी साडी टांगली होती. वाऱ्याने ती फडफडत होती. पलीकडे काकींच्या दगडीवर धुण्याचा आवाज येत होता.

"पडदा केलाय अप्पा," मी म्हणालो. "सध्यापुरता."

अप्पांनी साडीकडे बघितलं. सुनेची साडी होती ती. वॉकर फिरवला, आत आले, खाटेवर आडवे झाले. बायकोने ताट आणलं. ज्वारीची भाकरी, त्यांच्या आवडीचं वांगं, दूध. त्यांनी दुधाचा घोट घेतला आणि ताट हाताने बाजूला सारलं. सारलं म्हणजे काय, त्या हातात जोर तरी कुठे होता! ताट होतं तिथेच राहिलं. हात तेवढा मागे आला.

"अप्पा, असं नका करू," बायको म्हणाली. "मी परकी हाय का?"

"परकी असतीस तर बरं झालं असतं, पोरी," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मला तोवर असं वाटत होतं की मी एक काम करतोय, त्यात चुका होताहेत, चुका निस्तरता येतात. त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं की मी निस्तरेपर्यंत थांबायला त्यांच्या अंगात काही उरलेलं नाही. काढलेलं दार भिंतीला टेकून उभं होतं. मी ते उचललं आणि उलटं, बाहेर उघडेल असं चौकटीला लावून बघितलं. बाहेर पाण्याची सिमेंटची टाकी होती. दार निम्मंच उघडलं. आत कमोड, बाहेर टाकी. टाकी फोडावी असं क्षणभर मनात आलं. हातोडा हाताशीच होता. बायकोने तो माझ्या समोरून उचलला आणि चुलीमागे नेऊन ठेवला.

"फोडायचं सोडून दुसरं कायतरी करा," ती म्हणाली.

दुसरं काय, तर कापायचं. दार मधोमध उभं कापलं, तर दोन अरुंद झडपा होतील, दोन्ही बाहेर उघडतील आणि टाकीला लागणार नाहीत. हे सुचल्याबरोबर मी करवत घेतली. थांबून विचार केला असता तर कदाचित केलंच नसतं. फणसाचं जुनं लाकूड. करवत अडकायची, ओढली की वाकायची. मधोमध निघालेली रेघ खाली पोचेपर्यंत चांगलीच एका अंगाला गेली. एक झडप रुंद, एक अरुंद. दोन्ही मिटल्या की मधे बोटभर फट. त्या फटीवर आतून पट्टी मारली. बिजागऱ्या जुन्याच, त्या दोन झडपांना वाटून दिल्या, कमी पडल्या त्या बायकोने कोठीच्या कपाटाच्या काढून आणल्या. कडी लावली. बायकोने झडप मिटून बघितली.

"कडी बाहेरनं का?" तिने विचारलं. "अप्पांना कोंडायचंय?"

कडी काढली, आतून लावली. हातांना फोड आलेले, ते फुटून करवतीची मूठ चिकट झाली होती. आम्ही दोघं तिथेच चौकटीला टेकून बसलो. आता सगळं अप्पांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं, "अप्पा, दार झालंय." त्यांनी डोळे उघडले. उठायला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, वॉकर घेतला. चौकटीशी थांबून त्यांनी एक झडप ओढली, दुसरी ओढली. रुंद झडपेकडे बघितलं, अरुंद झडपेकडे बघितलं. मग वॉकर आत गेला, त्यामागे ते. झडपा मिटल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

मी आणि बायको टाकीपाशी उभे राहिलो. ऐकत होतो असं नाही, पण तिथून हलवत नव्हतं. आतून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, कमोड कलला. मला वाटलं, चक्कर आली असेल. आता दार फोडावं लागणार आणि तेही मीच फोडणार. बायकोने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती.

"अप्पा?" मी हळूच म्हणालो.

"गप!" आतून आवाज आला. पेठेतला आवाज. पलीकडे काकींची बादली खाली आपटली.

मग पाण्याचा आवाज. तांब्या टेकल्याचा आवाज. कडी निघाली.

बायको पटकन आत स्वयंपाकघरात गेली. तिचा पदर डोळ्यांना होता. मी न्हाणीत स्टूल ठेवून अप्पांना ऊन पाणी घातलं. त्यांनी भस्म लावलं, तळहातावर लिंग घेतलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पूजा केली. मग खुर्चीत बसले.

"वाढ," ते सुनेला म्हणाले.

तिने वाढलं. त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास, दुसरा घास. अर्धी भाकरी गेली तेव्हा बायकोने दुसरी तव्यावर टाकली. मी समोर उभा राहून बघत होतो. खरं सांगायचं तर काहीतरी ऐकायची वाट बघत होतो. अप्पांनी वांग्याला भाकरी लावली, चावली, गिळली, आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले:

"पोरी, आपल्यात मेल्यावर बी माणसाला लाकडी विमानात बसवूनच न्यायचं असतंय. माझं ते विमान तेवढं सुताराकडनं करून घे. ह्येनं जोडलं तर वाटंतच खाली पडीन मी."